सालीवरची अक्षरे वाचा! ओळख पार्मिजानो चीजची

शहरी स्वयंपाकघरात पास्ता आणि पिझ्झा आता पाहुणे राहिलेले नाहीत. त्यांच्या पाठोपाठ ‘पार्मेसान’ हे नावही रुळले आहे. मॉलच्या शीतकपाटात या नावाची पाकीटबंद भुकटी मिळते, उपाहारगृहातील वेटर ताटलीवर ‘पार्मेसान घालू का?’ असे विचारतो आणि परदेशातून सुटीवर येणारे आप्त हवाबंद पाकिटातला एखादा त्रिकोणी तुकडा भेट म्हणून आणतात. तिन्ही ठिकाणी नाव एकच असले, तरी वस्तू एकच असेल याची खात्री नाही. मूळ इटालियन चीज, त्या धर्तीवर अन्यत्र केलेले चीज आणि त्याच्या नावाने विकली जाणारी भुकटी यांत चवीचा आणि किमतीचा मोठा फरक आहे. शाकाहारी घरांसाठी तर हा फरक केवळ चवीपुरता उरत नाही, तो तत्त्वाचा होतो.

मूळ चीजचे पूर्ण नाव ‘पार्मिजानो रेज्जानो’. उत्तर इटलीतील पार्मा आणि रेज्जो एमिलिया या दोन शहरांवरून ते पडले. ‘पार्मेसान’ हे त्याचे फ्रेंच वळणाचे आणि पुढे जगभर पसरलेले रूप. इटालियन भाषेत या जातीच्या चीजला ‘ग्राना’ असेही म्हणतात. ग्राना म्हणजे दाणा किंवा कण. चांगल्या कढवलेल्या तुपाला आपल्याकडे जो ‘रवाळ’ शब्द वापरतात, तोच या चीजला नेमका लागू पडतो. ते सुरीने कापले जात नाही, फुटते. आणि फुटलेल्या भागाकडे पाहिले की त्यातली रवाळ ठेवण डोळ्यांना दिसते.

आठ शतकांचा वारसा

पो नदी आणि अपेनाइन पर्वतरांग यांच्या मधल्या सुपीक पट्ट्यात मध्ययुगात बेनेडिक्टाइन आणि सिस्टर्शियन पंथांच्या मठांकडे मोठ्या जमिनी होत्या. दूध मुबलक, पण ते टिकवायचे कसे हा प्रश्न. जवळच्या साल्सोमाज्जोरे येथील खाऱ्या झऱ्यांतून मीठ मिळत होते. दुधातील पाणी जितके कमी करता येईल तितके करायचे, ढेप मोठी बांधायची आणि ती महिनोन्‌महिने मुरू द्यायची, हे उत्तर या मठांमधून निघाले असे मानले जाते. १२५४ सालच्या जिनोव्हा येथील एका दस्तऐवजात पार्म्याच्या चीजचा उल्लेख सापडतो. चौदाव्या शतकात बोकाचिओने ‘डेकॅमेरॉन’मध्ये रंगवलेल्या एका काल्पनिक सुखनगरीत किसलेल्या पार्मेसानचा अख्खा डोंगर आहे. १६६६ मध्ये लंडनला भीषण आग लागली, तेव्हा सॅम्युअल पेपिस या प्रसिद्ध रोजनिशीकाराने आपली वाइन आणि पार्मेसान चीज बागेत खड्डा खणून पुरले होते. घराला आग लागण्याची वेळ आली असता माणूस काय वाचवतो, यावरून त्या वस्तूचे मोल कळते.

आजचे नियम मात्र विसाव्या शतकातील आहेत. उत्पादकांचा संघ १९३४ मध्ये स्थापन झाला. १९५५ मध्ये इटालियन कायद्याने नावाला संरक्षण दिले आणि १९९६ मध्ये युरोपीय संघाने. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनासारखीच ही व्यवस्था आहे, फक्त कितीतरी अधिक काटेकोर. पार्मा, रेज्जो एमिलिया आणि मोडेना हे तीन प्रांत, बोलोन्या प्रांताचा रेनो नदीच्या पश्चिमेचा भाग आणि मान्तोवा प्रांताचा पो नदीच्या दक्षिणेचा भाग, एवढ्याच प्रदेशातील दूध या चीजसाठी चालते. चीज तयार करणे आणि मुरवणे हेही याच हद्दीत व्हावे लागते. सुमारे तीनशे चीजशाळांतून दरवर्षी जवळपास ४० लाख ढेपा बाहेर पडतात.

दुधापासून ढेपेपर्यंत

या चीजची सारी वैशिष्ट्ये गोठ्यापासून सुरू होतात. गाईंना मुरघास घालण्यास येथे सक्त मनाई आहे. आपल्याकडील दुग्धव्यवसायातही मुरघासाचा वापर वाढला आहे. तो स्वस्त आणि सोयीचा असतो, पण त्यातून काही विशिष्ट जिवाणूंचे बीजाणू दुधात उतरतात. दूध लगेच वापरायचे असेल, तर त्यांचा त्रास होत नाही. परंतु दीड-दोन वर्षे मुरणाऱ्या ढेपेत हे जिवाणू आतल्या आत वायू तयार करतात, ढेप फुगते, तडकते आणि वास मारू लागते. म्हणून गवत आणि वाळलेला चारा हाच गाईंचा मुख्य आहार. एका अटीसाठी केवढा खर्च वाढतो, याची कल्पना पशुपालकाला सहज येईल.

संध्याकाळचे दूध रात्रभर उथळ हौदांत ठेवतात. पहाटेपर्यंत साय वर येते आणि ती काढून घेतली जाते. मग हे दूध सकाळच्या ताज्या, सायीसकट दुधात मिसळतात आणि तांब्याच्या उंच, खाली निमुळत्या होत गेलेल्या हंड्यात ओततात. हंड्याचा आकार उलट्या टांगलेल्या घंटेसारखा असतो. दूध उकळलेले किंवा पाश्चरीकृत नसते. त्यात विरजण पडते ते आदल्या दिवशीच्या निवळीचे. घरचे दही लावताना कालच्या दह्यातले चमचाभर ठेवतात, तोच हा न्याय. रोजच्या रोज, वर्षाचे ३६५ दिवस चीज केले जाते, कारण गाई सुटी घेत नाहीत.

दूध कोमट झाले की त्यात रेनेट घालतात. वासराच्या जठरातून काढलेले हे विकर दहा-बारा मिनिटांत दूध घट्ट करते. मोठ्या तारांच्या रवीने हा घट्ट गोळा तांदळाच्या दाण्याएवढा बारीक फोडतात आणि मग तापमान ५५ अंश सेल्सिअसपर्यंत नेतात. उष्णतेने दाण्यांतील पाणी निघून जाते, दाणे हंड्याच्या तळाशी जमून त्यांचा एकसंध गोळा होतो. सुमारे तासाभराने दोन कामगार लिननच्या कापडाची झोळी करून तो वर उचलतात आणि सुरीने त्याचे दोन भाग करतात. एका हंड्यातून दोन ढेपा निघतात. कामगार त्यांना जुळी म्हणतात. एका ढेपेला सुमारे ५५० लिटर दूध लागते आणि तयार ढेपेचे वजन साधारण ४० किलो भरते. म्हणजे किलोभर चीजसाठी जवळपास १४ लिटर दूध. किंमत ऐकून नाक मुरडण्यापूर्वी हा हिशेब ध्यानात घेतलेला बरा. उरलेली निवळीही वाया जात नाही. तिच्यावर या भागातील डुकरे पोसली जातात आणि प्रसिद्ध पार्मा हॅम त्यांच्यापासूनच बनते.

साच्यात असतानाच ढेपेच्या कडेवर ठिपक्याठिपक्यांनी ‘पार्मिजानो रेज्जानो’ ही अक्षरे, चीजशाळेचा क्रमांक आणि उत्पादनाचा महिना व वर्ष उमटवले जाते. नंतर ढेप सुमारे तीन आठवडे मिठाच्या पाण्यात राहते. दूध, मीठ आणि रेनेट यांपलीकडे चौथा घटक नाही. रंग नाही, टिकाऊपणासाठी रसायन नाही.

मग सुरू होते ते मुरणे. उंच फळ्यांवर मांडलेल्या ढेपा ठरावीक दिवसांनी पुसल्या आणि उलटल्या जातात. पूर्वी हे काम हाताने होई, आता बहुतेक ठिकाणी यंत्र करते. किमान मुदत १२ महिन्यांची. ती भरली की परीक्षक छोटी हातोडी घेऊन प्रत्येक ढेप ठोकून पाहतो. मडके वाजवून घ्यावे, तशीच ही रीत. आत पोकळी किंवा भेग असेल, तर नाद बदलतो. उत्तीर्ण झालेल्या ढेपेवर तप्त मुद्रा उमटते. आतून किरकोळ दोष असलेल्या ढेपेच्या सालीवर समांतर रेघा ओढतात, म्हणजे ग्राहकाने ती लवकर संपवावी. नापास ढेपेची मात्र सालीवरची अक्षरेच खरवडून काढली जातात आणि ती पार्मिजानो म्हणून विकता येत नाही.

बँकेच्या तिजोरीत चीज

वर्ष-दोन वर्षे माल फळीवर पडून राहायचा आणि दुधाचे पैसे मात्र आज द्यायचे, ही या व्यवसायाची जुनी अडचण. त्यावर तोडगा काढला तो ‘क्रेदितो एमिलियानो’ या स्थानिक बँकेने. १९५३ पासून ही बँक चीजच्या ढेपा तारण म्हणून स्वीकारते. रेज्जो एमिलिया आणि मोडेना परिसरातील तिच्या गोदामांत लाखो ढेपा मुरत असतात. कर्ज थकले तर बँक चीज विकू शकते; आणि तारणाचे वैशिष्ट्य असे की ते जितके जुने होते, तितके मौल्यवान होते. सोन्याव्यतिरिक्त असे तारण क्वचितच सापडेल.

या व्यवस्थेची कसोटी लागली ती २०१२ मध्ये. त्या वर्षी २० आणि २९ मे रोजी एमिलिया प्रदेशाला भूकंपाचे तीव्र धक्के बसले. मनुष्यहानी झालीच, शिवाय गोदामांतील उंच मांडण्या पत्त्याच्या बंगल्यासारख्या कोसळल्या आणि लाखो ढेपा जमिनीवर आल्या. तडा गेलेली ढेप पुढे मुरवता येत नाही, ती लगेच संपवावी लागते. मोडेना येथील नामवंत शेफ मास्सिमो बोत्तुरा यांनी तेव्हा एक रिसोट्टो रचला. रोमच्या ‘काचो ए पेपे’ या मिरे आणि चीजच्या पास्त्याची कल्पना त्यांनी भातावर आणली आणि भात शिजवायला पार्मिजानोचेच पाणी वापरले. जगभरातील लोकांनी हा पदार्थ घरी करावा, या निमित्ताने चीज विकत घ्यावे, अशी ही हाक होती आणि तिला मोठा प्रतिसाद मिळाला.

या प्रदेशाशी भारताचा एक धागाही जुळलेला आहे. पो नदीच्या खोऱ्यातील गोठ्यांत पंजाबातून गेलेले शीख कामगार गेल्या काही दशकांपासून मोठ्या संख्येने काम करतात. गाईंची धार काढण्याचे पहाटेचे कष्टाचे काम स्थानिक तरुणांनी सोडले आणि ते यांनी उचलले. रेज्जो एमिलिया प्रांतातील नोव्हेल्लारा या छोट्या गावात २००० साली उभा राहिलेला गुरुद्वारा त्याची साक्ष देतो.

रेनेटचा प्रश्न

शाकाहारी वाचकांसाठी या लेखातील सर्वात महत्त्वाचा भाग हा. पार्मिजानो रेज्जानोच्या नियमांत वासराच्या जठरातील रेनेटच वापरण्याची अट आहे. याला पर्याय नाही आणि अपवादही नाही. पाकिटावर ‘पार्मिजानो रेज्जानो’ असे संरक्षित नाव असेल, तर ते चीज कडक शाकाहारी व्याख्येत बसत नाही, हे निःसंशय. इंग्रजी पाककृतींच्या पुस्तकांत पार्मेसान घातलेला पेस्टो किंवा रिसोट्टो सर्रास ‘व्हेजिटेरियन’ विभागात दिलेला आढळतो. तो विश्वास टाकण्याजोगा नाही. परदेशात शिकणाऱ्या वा नोकरी करणाऱ्या मराठी मुलांनी उपाहारगृहात ‘मांस आहे का’ एवढेच विचारून थांबू नये; चीज कोणते आणि रेनेट कशाचे, हेही विचारावे.

भारतातील परिस्थिती वेगळी आहे. आपल्या अन्नसुरक्षा नियमांतील चीजच्या व्याख्येत दूध प्राणिज नसलेल्या रेनेटने किंवा अन्य योग्य घटकाने घट्ट करावे, असे म्हटले आहे. चीजसाठी वापरायच्या दुधाला पाश्चरीकरणाइतकी उष्णता द्यावी, अशीही अट आहे. मूळ पार्मिजानो या दोन्ही कसोट्यांत बसत नाही. तेव्हा भारतीय दुकानात हिरव्या ठिपक्यासह ‘पार्मेसान’ म्हणून जे मिळते, ते सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले रेनेट वापरून केलेले वेगळे चीज असते. ते कमअस्सल म्हणून लगेच बाजूला सारण्याचे कारण नाही. व्यवस्थित मुरवलेले असेल, तर शाकाहारी घराला ते उत्तमच. फक्त एकाच्या नावावर दुसऱ्याची किंमत मोजली जाऊ नये.

अंडे वर्ज्य असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पार्मिजानोचे धाकटे भावंड म्हणता येईल असे ‘ग्राना पादानो’ हे चीज उत्तर इटलीच्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात तयार होते. तेथे गाईंना मुरघास चालतो. त्यातून येणाऱ्या जिवाणूंना आवर घालण्यासाठी दुधात लायसोझाइम हे विकर घालतात आणि ते अंड्याच्या पांढऱ्या बलकातून काढलेले असते. वेष्टनावर त्याची नोंद असते, पण ती बारीक अक्षरांत. रेनेट येथेही वासराचेच.

नावाचा वाद

‘पार्मेसान’ हा शब्द कोणाचा, यावर बराच काथ्याकूट झाला आहे. २६ फेब्रुवारी २००८ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की, ‘पार्मेसान’ म्हटले की ग्राहकाच्या मनात पार्मिजानो रेज्जानोच उभे राहते. म्हणून युरोपीय संघात दुसऱ्या चीजला हे नाव लावणे संरक्षणाचा भंग ठरतो. अमेरिकेत मात्र तो सर्वसाधारण शब्द मानला जातो. तेथील नियमांप्रमाणे किमान १० महिने मुरवलेल्या गाईच्या दुधाच्या कठीण चीजला पार्मेसान म्हणता येते. अर्थात ही किमान अटही सर्वांनी पाळली असे नाही. २०१६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला. शंभर टक्के पार्मेसान म्हणून विकलेल्या तिच्या किसलेल्या मालात स्वस्त चीज आणि सेल्युलोज निघाले होते. गुठळ्या होऊ नयेत म्हणून किसलेल्या चीजमध्ये थोडे सेल्युलोज घालण्याची पद्धत आहेच. प्रश्न असतो तो किती घातले याचा, आणि डब्यावर काय लिहिले याचा.

यातून निघणारा व्यवहारी सल्ला एकच. भुकटी घेऊ नये, तुकडा घ्यावा आणि शक्यतो साल असलेला घ्यावा. ठिपक्यांची अक्षरे सालीवर सर्व बाजूंनी असतात, त्यामुळे लहान तुकड्यावरही त्यांचा काही अंश दिसतोच. रंग फिकट गवती पिवळा हवा. साल आणि गर यांच्या मधला कोरडा पट्टा फार जाड असेल, तर तुकडा जुनाट समजावा. गरात मोहरीहून बारीक पांढरे ठिपके दिसले, तर ती बुरशी किंवा मीठ नव्हे. दीर्घकाळ मुरताना प्रथिने फुटून टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लाचे स्फटिक तयार होतात आणि तेच दाताखाली कुरकुरतात. ते चांगल्या मुरण्याचे लक्षण आहे.

वयाप्रमाणे चव बदलते. १२ ते १५ महिन्यांच्या चीजला दुधाळ, किंचित आंबूस गोडवा असतो. ते नुसते खायला किंवा सॅलडमध्ये पातळ पापुद्रे काढून घालायला बरे. २४ महिन्यांचे सर्वात उपयोगी. किसता येते, शिजवता येते आणि चव समतोल असते. ३६ महिन्यांपुढचे कोरडे, भुसभुशीत आणि तिखटसर होते. ते शिजवण्यात घालवणे म्हणजे जुन्या लोणच्याने आमटी करण्यासारखे. त्याचे खडे फोडून त्यावर मोडेनाच्या पारंपरिक बाल्सामिक व्हिनेगरचे दोन थेंब टाकावेत किंवा पिकलेल्या नासपतीबरोबर खावेत. चीज आणि नासपती एकत्र किती छान लागतात हे शेतकऱ्याला कळू देऊ नका, अशी एक मिस्कील म्हण इटलीत आहेच.

स्वयंपाकघरात

या चीजचे खरे काम चव देणे हे आहे, ताणणे नव्हे. पिझ्झ्यावरचे मोझरेला वितळून लांब तार सोडते, तशी अपेक्षा पार्मिजानोकडून करू नये. ग्लुटामेट हे अमिनो आम्ल त्यात भरपूर असते, १०० ग्रॅममागे एक ग्रॅमहून अधिक. जपानी शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये ‘उमामी’ म्हणून नोंदवलेली चव ती हीच. म्हणून मूठभर किसाने साध्या भाजीच्या सूपला अंग येते. मिठाचे प्रमाण मात्र चीज घालायचे आहे हे धरूनच ठेवावे. हा नियम विसरल्याने जितके पास्ते बिघडतात, तितके दुसऱ्या कशाने बिघडत नसतील.

दुसरा नियम आचेचा. चीज नेहमी शेवटी आणि आच बंद केल्यावर घालावे. उकळत्या पदार्थात घातले की प्रथिने आकसतात, तूप सुटते आणि भांड्याच्या तळाला चिवट गोळा बसतो. पास्ता शिजवलेले पाणी येथे मदतीला येते. त्यातला स्टार्च चीजच्या कणांना वेगळे ठेवतो आणि मलईसारखे मिश्रण जमते. रोमच्या आल्फ्रेदो दि लेलिओ यांच्या नावाने जगभर गेलेला फेत्तुचिने पास्ता मुळात एवढ्यावरच उभा आहे. त्यात क्रीम नाही. दोघांसाठी २०० ग्रॅम पास्ता किंचित कच्चा असतानाच काढावा, शिजवलेले पाणी वाटीभर राखून ठेवावे. पसरट गरम भांड्यात ५० ग्रॅम लोणी, पास्ता आणि थोडे पाणी एकत्र करावे, भांडे आचेवरून उतरवून मग ६० ग्रॅम बारीक किसलेले चीज मुठीमुठीने घालत भरभर हलवावे. घट्ट वाटल्यास आणखी पाणी घालावे. पास्त्याला चकचकीत लेप बसला की लगेच वाढावे. हा पदार्थ पाहुण्यांची वाट पाहत नाही.

रिसोट्टोतही तेच तंत्र. चौघांसाठी ३२० ग्रॅम आर्बोरिओ किंवा कार्नारोली तांदूळ लोण्यावर बारीक कांद्यासह परतून, त्यात सुमारे सव्वा लिटर कढत भाज्यांचे पाणी पळीपळीने मुरवत १७-१८ मिनिटे शिजवावा. तांदळाच्या मध्यभागी किंचित कणी राहिली की गॅस बंद. मिनिटभर थांबून ४० ग्रॅम थंड लोणी आणि ७० ग्रॅम किसलेले चीज घालून जोराने घोटावे. मोकळा भात नव्हे आणि गुरगुट्याही नव्हे. ताटली हलवली की लाटेसारखा पसरेल इतका आसट असावा. बासमती येथे चालत नाही. त्याचा दाणा लांब आणि सुटा राहतो, हवा तसा चिकटपणा देत नाही.

अंडे चालणाऱ्या घरांनी ‘पास्सातेल्ली’ करून पाहावे. पार्मिजानोच्या मुलुखातला हा घरगुती पदार्थ परदेशात फारसा ठाऊक नाही. शिळ्या पावाचा चुरा १०० ग्रॅम, किसलेले चीज १०० ग्रॅम, दोन मोठी अंडी, चिमूटभर जायफळ आणि लिंबाच्या सालीचा थोडा कीस एकत्र मळून गोळा अर्धा तास झाकून ठेवतात. मग तो भोकांच्या जाड चकतीतून दाबून बोटाएवढे तुकडे थेट उकळत्या सूपमध्ये सोडतात. तुकडे वर तरंगले की शिजले. त्यासाठी इटलीत खास लोखंडी साधन असते; आपल्याकडील सोऱ्याला जाड शेवेची ताटली लावली तरी काम भागते. मिश्रण फुटू लागले, तर चुरा आणखी चमचाभर मिसळावा.

पेस्टोसाठी जिनोव्हाची रीत पार्मिजानोबरोबर मेंढीच्या दुधाचे पेकोरिनो घालण्याची आहे. वांग्याच्या काचऱ्या तळून टोमॅटोच्या रसात थरावर थर रचून भाजलेल्या पदार्थाला ‘पार्मिजाना’ म्हणतात खरे. पण तो दक्षिण इटलीचा आहे आणि त्याच्या नावाचा उगम कशात, यावर तेथे आजही वाद रंगतो. माशांच्या पास्त्यावर मात्र चीज किसू नये, असा इटालियनांचा सर्वसाधारण दंडक आहे.

‘पेकोरिनो रोमानो’ पार्मिजानोच्या जागी तसेच्या तसे वापरू नये. ते मेंढीच्या दुधाचे, बरेच खारट आणि उग्र असते. नावात रोम असले तरी त्याचे बहुतांश उत्पादन सार्डिनिया बेटावर होते. काचो ए पेपे किंवा कार्बोनारा हे त्याचे खास प्रांत. उलट ग्राना पादानो बहुतेक पाककृतींत पार्मिजानोच्या जागी निर्धास्त वापरावे. ते किमान नऊ महिने मुरलेले, सौम्य आणि खिशाला हलके असते.

निगा आणि उरलेली साल

किसायचे ते ऐनवेळी, हवे तेवढेच. किसलेल्या चीजचा वास उघड्यावर लवकर उडतो. तुकडा मेणकागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये पण बर्फकप्प्यापासून दूर ठेवावा. उघडल्यावर महिनाभर तो उत्तम राहतो. मुंबईच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवला तर त्याला तुपाचा घाम फुटतो, मात्र खाण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास बाहेर काढल्याशिवाय चवही खुलत नाही. पृष्ठभागावर बुरशीचा ठिपका दिसला, तर त्याभोवतीचा दोन-अडीच सेंटिमीटर भाग काढून टाकून उरलेले वापरता येते. हे कठीण चीजपुरतेच खरे, मऊ चीजला लागू नाही. दुधातील शर्करा विरजताना पहिल्या काही दिवसांतच संपून जाते, त्यामुळे ती न पचणाऱ्यांनाही हे चीज सहसा बाधत नाही. दूध-प्रथिनांचीच ॲलर्जी असेल, तर मात्र ते वर्ज्य.

साल फेकून देणे हा मोठा अपव्यय. तिला मेण लावलेले नसते. ती वाळून कठीण झालेले चीजच असते. बाहेरची बाजू सुरीने खरवडून, पाण्याने धुऊन तिचा चार-पाच सेंटिमीटरचा तुकडा मिनेस्त्रोने सूपमध्ये किंवा पांढऱ्या वालांच्या रश्श्यात सुरुवातीलाच सोडावा आणि मंद आचेवर तास-दीड तास शिजू द्यावा. साल मऊ होते, तिचा अर्क रश्श्यात उतरतो. एमिलियातल्या घरांत मुले ती चिमट्यात धरून निखाऱ्यावर भाजतात. पापडासारखी फुगते आणि गरम गरम चावून खातात. एका वेळी पुरेशी साल जमली नसेल, तर तुकडे पिशवीत घालून बर्फकप्प्यात ठेवावेत, ते काही महिने सहज टिकतात.